'सद्गुण' या शब्दाविषयी एक तक्रार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही अंजनगावातली चार शिक्षक मंडळी एका साध्या वाटणाऱ्या कामाला बसलो होतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना ग्रीक नीतिविचाराची तोंडओळख व्हावी, म्हणून एका इंग्रजी निबंधाची सहा-सात पाने मराठीत आणायची होती. दुपारच्या चहापर्यंत निम्मे काम उरकेल असा अंदाज होता. तिसऱ्या ओळीत 'व्हर्च्यू' हा शब्द आला. एकाने सवयीने 'सद्गुण' लिहिले आणि आम्ही पुढे गेलो. पण निबंधकाराने पुढच्याच परिच्छेदात प्लेटो आणि अॅरिस्टॉटल यांचे नेहमीचे दाखले घेतले होते. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात वेल छाटण्याच्या कोयत्याची गोष्ट आहे, अॅरिस्टॉटल डोळ्याचा आणि घोड्याचा दाखला देतो. आमचे भाषांतर मोठ्याने वाचले तेव्हा ते असे ऐकू आले: 'कोयत्याचा सद्गुण म्हणजे नीट छाटणे, घोड्याचा सद्गुण म्हणजे चांगले धावणे.' चौघेही हसलो. मग हसू ओसरले आणि काम थांबले ते त्या दिवसापुरते थांबलेच.

कोयत्याला सद्गुण का शोभत नाही? आम्हांला वाटते, या प्रश्नात आपल्या नीतिविषयक बोलण्याची एक मोठी गफलत दडली आहे. 'सद्गुण' हा शब्द मराठीत वस्तूला लागत नाही, जनावराला लागत नाही, आणि खरे सांगायचे तर जिवंत माणसालाही फारसा लागत नाही. तो शोकसभेत ऐकू येतो, निरोपसमारंभाच्या मानपत्रात दिसतो, आणि शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या यादीत असतो. घरात, शेतात, बाजारात कुणी कुणाबद्दल 'तो फार सद्गुणी आहे' असे म्हणताना आम्ही तरी ऐकलेले नाही. म्हटले तर ऐकणारा क्षणभर थांबेल आणि बोलणारा टोमणा मारतो आहे की काय, ते चेहऱ्यावरून ताडून पाहील.

याउलट त्यातला 'सद्' काढून टाका आणि उरलेला शब्द पाहा. 'गुण' हा मराठीतला सर्वांत राबता शब्द आहे. औषधाला गुण येतो. वैद्याच्या हाताला गुण असतो. मूल गुणाचे असते. वाण नाही पण गुण लागतो, असे आपण पवळ्याबद्दल म्हणतो, आणि तेथे तो गुण चांगला नसतो हे सांगावे लागत नाही. कुणी गुण उधळतो. 'हे गुण कुठून शिकलास?' असे आई विचारते तेव्हा मुलाने पळ काढलेला बरा. परीक्षेतही गुणच मिळतात. मूळ संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पदर, धनुष्याची दोरी. सांख्यांचे तीन गुणही असेच एकमेकांत वळलेले पदर, आणि त्यांतल्या तमालाही गुणच म्हणायचे. म्हणजे गुण हा शब्द चांगल्या-वाइटाचा निवाडा आधी करीत नाही. ज्याच्यामुळे एखादी गोष्ट तिचे काम करते, आपला प्रभाव दाखवते, ते तिच्यातले बळ, एवढेच तो सांगतो.

आता गंमत अशी, की ग्रीकांच्या 'आरेते' या शब्दाचा अर्थ नेमका याच्या शेजारी बसतो. इंग्रजी 'व्हर्च्यू'चाही पूर्वी हाच अर्थ होता. निकोलस कल्पेपर याने सतराव्या शतकात इंग्रजीत वनौषधींचा ग्रंथ लिहिला. त्यात प्रत्येक वनस्पतीखाली तिचे 'व्हर्च्यूज' दिले आहेत, म्हणजे ती कशावर चालते ते. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रारंभी हा शब्द येतो तो पावसाच्या ओलाव्यात फूल उमलवण्याची जी शक्ती असते तिच्यासाठी. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला हे तळटीप वाचून शिकावे लागते. मराठी विद्यार्थ्याला ते आपल्या आजीकडून मिळालेले असते. पण आपण वर्गात त्याच्या तोंडातला शब्द काढून घेतो आणि 'सद्गुण' त्याच्या हाती देतो.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. आमच्यापैकी एकाने ते केले आहे, आणि 'आम्ही' म्हणून लिहितो आहोत तर तो दोष सगळ्यांनीच वाटून घेतलेला बरा. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गचाचणीत शोकांतिकेच्या नायकावर प्रश्न होता. 'पोएटिक्स'च्या तेराव्या प्रकरणात अॅरिस्टॉटल म्हणतो, की हा नायक सद्गुणाने आणि न्यायबुद्धीने सर्वांहून थोर असा नसावा, आणि दुष्टही नसावा. त्याचे पतन एखाद्या चुकीतून व्हावे. एका विद्यार्थ्याने लिहिले होते, की येथे 'व्हर्च्यू' म्हणजे गुण, पिंपळीत असतो तसा. तो कमी-जास्त असू शकतो, आणि गुण असूनही माणसाचे काम फसू शकते. त्या वाक्याखाली आम्ही लाल शाईने रेघ मारली, समासात 'सद्गुण असे लिहा' अशी सूचना केली आणि एक गुण कापला. 'गुण' या उत्तराचा गुण कापला, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

तो मुलगा पानमळेवाल्या घरातला होता. अंजनगावाबाहेरच्या वाचकाला हे सांगितले पाहिजे, की इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाचे नाव येते ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे. अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव यांच्यानंतरचा तो तह. पण गाव जगले ते तहावर नाही, नागवेलीच्या पानावर आणि पानपिंपरीवर. पिंपरीचा वेल आधाराच्या झाडावर चढवतात, त्याची कणसासारखी फळे तोडून उन्हात वाळवतात, आणि ती आयुर्वेदाच्या औषधांत जातात. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते, हे येथल्या पोरासोरांना ठाऊक असते. मळ्यावर बोलणे चालते ते गुणाचेच. 'मातीत गुन असन तं पानात येईन,' असे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हांला एकदा सहज सांगितले होते. त्या घरातला मुलगा अॅरिस्टॉटलकडे पिंपळीतून गेला आणि नेमक्या ठिकाणी पोचला. आम्ही त्याला शब्दकोशाच्या रस्त्याने परत आणले.

साहित्याच्या शिक्षकांना तर ही चूक करायला काही सबबच नव्हती. मम्मटाचा 'काव्यप्रकाश' आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. त्याच्या आठव्या उल्लासात गुण आणि अलंकार यांतला भेद सांगितला आहे. वामनाचे दहा गुण मम्मटाने माधुर्य, ओज आणि प्रसाद या तिघांवर आणले, एवढे विद्यार्थी पाठ करतात, पण खरा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. शौर्य जसे आत्म्याचे, तसे गुण हे काव्याच्या आत्म्याचे, म्हणजे रसाचे. ते असतात तेथे सोडवून बाजूला काढता येत नाहीत. अलंकार हा हारासारखा. तो घातला तर शोभा वाढते, काढून ठेवला तरी देह तोच राहतो. या भेदाच्या उजेडात आपला 'सद्गुण' पाहिला म्हणजे कळते, की नावात गुण असला तरी आपण तो अलंकारासारखा वापरतो. सत्यवादित्व, नम्रता, वक्तशीरपणा, सहिष्णुता अशी माळ करून ती माणसाच्या गळ्यात घालतो. बहुधा तो माणूस गेल्यानंतर. भिंतीवरच्या याद्यांना अलीकडे 'मूल्ये' म्हणतात. मूल्य म्हणजे किंमत, हा बाजारातला अर्थ अजून पुरता जिवंत असताना नीतीसाठी हाच शब्द का निवडावा, हे आम्हांला कधी उमगलेले नाही. असो.

कुणी म्हणेल, मराठीत नीतीसाठी 'सद्गुण'च कशाला हवा, 'पुण्य' हा शब्द काय वाईट आहे? तो तर सर्वांच्या तोंडी आहे. आहे खरा. पण त्याच्या सोबतीला येणारी क्रियापदे तपासावीत. पुण्य जोडतात, पुण्य गाठीला बांधतात, पुण्य पदरात पडते, वाडवडिलांची पुण्याई नातवाच्या कामी येते, आणि कुणाकुणाचे पुण्य सरते. हे सारे साठ्याचे आणि खात्याचे व्याकरण आहे. गुण असा साठवता येत नाही. वैद्याने आजोबांच्या हाताचा गुण सांगून स्वतःच्या रोग्याला उतार पडत नाही. पुण्याला माणूस हवा तो खातेदार म्हणून. पुण्य जमा करण्यासाठी त्याने बदललेच पाहिजे अशी त्याची अट नाही.

या खात्याच्या व्याकरणाला आमच्याच तालुक्यातल्या एका माणसाने जन्मभर उलटसुलट प्रश्न विचारले. शेंडगाव आता अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला. वडील दारूपायी लवकर गेले. आई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला राहिली. मामाच्या शेतीवर डेबूजीने मेहनत केली आणि त्याच घराची जमीन सावकारी कर्जात अडकलेली पाहिली. म्हणजे ऋण हा शब्द त्यांना पहिल्यांदा भेटला तो सावकाराच्या वहीत, देव-पितरांच्या ऋणांची शास्त्रातली मांडणी घेऊन नव्हे. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न वाढता गोडाचे जेवण घातले, ही त्यांच्या चरित्रातली गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिचा अर्थ आपण 'दारूबंदीचा सद्गुण' असा लावतो. कर्ज काढून जेवणावळ घालण्याच्या रिवाजाला त्यांनी पुढे जन्मभर कसा विरोध केला ते पाहिले, म्हणजे त्या पंगतीत जातीच्या पंचांपुढे नकार टिकवून धरण्याचे बळ अधिक दिसते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. त्यांच्या पुढच्या आयुष्यात ऋणमोचन हे ठिकाण वारंवार येते. पूर्णेच्या काठचे हे तीर्थ. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीत बुडी घेतली की ऋण फिटते, हे वचन गावाच्या नावातच आहे. कर्जबाजारी वऱ्हाडातून माणसे तेथे बुडी घ्यायला येत, आणि त्यासाठी प्रसंगी उसनवारी करून येत, यातला विरोध डेबूजींना टोचला नसता तरच नवल. त्यांनी बुडीच्या विरोधात व्याख्यान दिले नाही. खराटा घेतला, चिखलाची वाट नीट केली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय पाहिली. पुढे तेथे घाट झाला. मग रात्री कीर्तनात त्यांचा प्रश्न असायचा तो पाप-पुण्याच्या खात्याचा नसे, कर्जाच्या खात्याचा असे. सण-तीर्थासाठी कर्ज काढू नका, मोडकी भांडी वापरा पण पोरांना शिकवा, हे त्यांचे सांगणे. ऋणमोचन या शब्दातले ऋण त्यांनी परलोकातून काढून वऱ्हाडातल्या सावकाराच्या दारात आणून ठेवले. एका शब्दाचा अर्थ बदलण्याचे काम कोशकाराने करावे तसे नव्हे, राबून केले.

गाडगेबाबांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. प्रबोधनकार ठाकरे यांचे चरित्र बाबांच्या हयातीतच, १९५२ साली आले, गो. नी. दांडेकर, जे आमच्या शेजारच्या परतवाड्याचे, त्यांनीही लिहिले. बाबांच्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने ते एकदा तरी ऐकावे, भक्तीसाठी नव्हे, वाक्यरचनेसाठी. विधाने थोडी, प्रश्न फार. श्रोत्यांनी उत्तर दिल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. सद्गुणांची यादी सांगणारे कीर्तनकार आपल्याकडे उदंड आहेत. यादी न सांगता श्रोत्याकडून एकेक कबुली काढून घेणारा हा माणूस गुरू होण्यासही तयार नव्हता आणि कुणाला शिष्य म्हणण्यासही.

पुढे त्यांचे आपण काय केले, हेही येथेच सांगून टाकू. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. कल्पना चांगली होती, आणि अनेक गावांचे उकिरडे हलले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण ती स्पर्धा होती. समिती गावात येई, पाहणी करी आणि गावाला गुण देई. समिती येणार म्हणून झाडलेला रस्ता आणि कुणी पाहत नसताना झाडलेला रस्ता दोन्ही स्वच्छच असतात, यात वाद नाही. फरक पुढच्या आठवड्यात दिसतो. खराटा हा ज्यांच्या स्वभावाचा भाग होता त्यांच्या नावाने आपण खराट्याचे गुणपत्रक तयार केले. अमरावतीच्या विद्यापीठालाही आज त्यांचेच नाव आहे, आणि तेथेही आम्ही गुणच वाटतो; तेव्हा हा टोमणा आमच्याकडेच वळतो, हे कबूल.

भाषांतराच्या बैठकीकडे परत येतो. 'सद्गुण' बाद झाल्यावर आमच्यापैकी एकाने 'शील' सुचवले. शब्द जुना, भारदस्त आणि नीतीच्या कामाचा. त्यावर आमच्यातल्या बाई म्हणाल्या, ''तो नको. तो शब्द तुम्ही आमच्यासाठी राखून ठेवला आहे.'' आम्ही गप्प झालो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वर्तमानपत्रात शीलभंग होतो तो बाईचाच. कादंबरीत शील जपायचे तेही तिनेच. पुरुषाच्या शीलाला काही झाल्याची बातमी आम्ही वाचलेली नाही. विशेष हे, की इंग्रजी शब्दाचीही हीच गत झाली. लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष. त्यावरून 'व्हर्च्यूस' म्हणजे मर्दुमकी, रणातले धैर्य. रणांगणावरून निघालेला हा शब्द युरोपात फिरत फिरत शेवटी बाईच्या उंबरठ्यावर पहारेकरी म्हणून बसला. दोन वेगळ्या कुळांतल्या शब्दांनी एकच वाट धरावी, हा भाषेचा योगायोग मानायला आम्ही तयार नाही. जेथे नीती हे एका बाजूचे ओझे असते तेथे नीतीचा शब्दही एका बाजूला कलतो.

पण 'शील' या शब्दाची गोष्ट येथे संपत नाही, हेही बाईंनीच पुढे सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना दिली. तेव्हापासून वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत पंचशील म्हटले जाते. हत्या न करणे, न दिलेले न घेणे, कामाविषयी दुराचार न करणे, खोटे न बोलणे आणि मादक पदार्थांपासून दूर राहणे ही ती पाच शीले. वर्तमानपत्राला जे शील म्हणून ठाऊक आहे ते या पाचांतले फार तर एक, आणि तेही पुरुषाला तितकेच लागू. विहारात बाई आणि बुवा शेजारी उभे राहून तीच पाच वाक्ये म्हणतात. एक आकसलेला शब्द अशा रीतीने पुन्हा रुंद झाला, आणि तो विद्यापीठातून झाला नाही. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबा गेले. दोन आठवड्यांत हे दोघे गेले, आणि त्यांनी हाताळलेले 'ऋण' आणि 'शील' हे शब्द मात्र आम्ही अजून जुन्याच अर्थांनी तपासतो, उत्तरपत्रिकांत आणि बातम्यांतही.

आमच्या बैठकीत आणखी एक शब्द पुढे आला, आणि त्याच्यावर आमचा लोभ जडला. अॅरिस्टॉटलचे म्हणणे असे, की नीतीचा गुण जन्मजात नसतो आणि उपदेशानेही येत नाही. तो सवयीने येतो. वीणा वाजवूनच माणूस वीणावादक होतो, न्यायाची कामे करूनच न्यायी होतो. 'सवय' हा शब्द मराठीत जरा उणा आहे. सवय चहाची असते, तंबाखूची असते. मग एकाने म्हटले, 'वळण'. मुलाला वळण लागते, अक्षराला वळण असते, रस्त्यालाही असते. वळण लावणारा कुणी दुसरा असतो, पण लागल्यावर ते ज्याचे त्याचे होते. पानमळ्यात वेल आधाराला बांधताना तो फार ताणून चालत नाही आणि मोकळा सोडूनही चालत नाही. थोडा थोडा, वाढेल तसा बांधत जावा लागतो. हे सांगितल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी डोके हलवले. त्यांचे मत असे, की 'वळण' म्हटले की धाक येतो, आणि वळणात वाढलेल्या मुलींना काय काय वळवून सोसावे लागले त्याचा हिशेब कोण देणार? बाईंनी त्यांच्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. उत्तर आमच्याजवळ नव्हते. आजही पुरते नाही.

ते भाषांतर आता विद्यार्थ्यांच्या हाती आहे. त्यात कोयत्याला, घोड्याला, डोळ्याला आणि माणसाला आम्ही एकच शब्द ठेवला आहे: 'गुण'. जेथे केवळ माणसाच्या नीतीचा प्रश्न आहे तेथे 'शीलाचा गुण' असे लिहिले आहे. ज्येष्ठ सरांच्या आग्रहाखातर 'वळण' मजकुरात न घालता समासात घातले, पेन्सिलीने. ज्या विद्यार्थ्याचा गुण आम्ही कापला होता तो आता मळाच पाहतो. बसस्थानकाजवळ भेटला तेव्हा त्याला हे सारे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, ''सर, मंग माहा एक गुन बाकी हाय तुमच्याकडं.''